कंप सुरू होण्याआधी पार्किन्सन ओळखता येतो का?

पंचवटीकर:
११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यावर अर्धा तास बोलायचंय. वास जाणं, बद्धकोष्ठता, झोपेतली बडबड ही आधीची लक्षणं म्हणतात, पण पासष्टीनंतर यातलं काही ना काही सगळ्यांनाच असतं. मग ओळखायचं कसं? घरी तपासता येईल असं काही आहे का?

गोदाकाठ:
एकेकटं लक्षण धरून लोकांना घाबरवू नका. त्यातल्या त्यात वजनदार खूण झोपेची. स्वप्नं पडतात त्या झोपेत अंग एरवी लुळं असतं. तो लगाम सुटला की माणूस स्वप्नातली मारामारी पलंगावर करतो: लाथा, बुक्क्या, आरडाओरडा, कधी थेट खाली पडणं. हे बहुधा पहाटेकडे होतं आणि जागं केलं की ‘कुत्रं अंगावर आलं होतं’ असं स्वप्न सांगता येतं. नुसती बडबड म्हणजे हे नव्हे. ज्याचं त्याला कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला विचारा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. घोरताना श्वास अडकणाऱ्यांत आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असंच दिसतं, त्यामुळे खात्री रात्रभराच्या स्लीप स्टडीनेच. निदान पक्कं झालेल्यांपैकी बहुतेकांना पुढे १०-१२ वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच कुळातला आजार होतो. तोवर पलंगालगतचं टेबल आणि काचेची भांडी हलवलेली बरी.

वेलदोडा:
वास तपासायला कापूर, विक्स, कांदा नको. ते झोंबतात, आणि झोंबणं वेगळ्या नसेला कळतं. वास गेलेला माणूसही ‘येतो की’ म्हणतो. कॉफी, वेलची, संत्र्याची साल, अंगाचा साबण घ्या. डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून हुंगायला द्या आणि ‘कशाचा वास?’ विचारा, ‘येतो का?’ नव्हे. सर्दीत करू नका. कोविडमध्ये गेलेला वास झटक्यात गेलेला असतो. इथे तो इतका सावकाश जातो की बऱ्याच जणांना पत्ताच नसतो, फोडणी करपल्याचं घरच्यांना आधी कळतं.

सिन्नरफाटा:
आधी औषधांचा डबा उघडा! पित्ताच्या गोळ्यांतलं लेव्होसल्पिराइड, चक्करेवरचं सिनारिझिन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड महिनोन्‌महिने चाललं तर हुबेहूब पार्किन्सनसारखा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. त्यात वास सहसा शाबूत असतो. गोळी परस्पर बंद करू नका, स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा.

उभं राहिल्यावर बीपी उतरणं हीही आधीची एक खूण असू शकते. ते असं बघा: ५ मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर लिहून ठेवा, सोबत नाडीही. अंगात पाणी कमी असेल तर नाडी चांगली वाढते. नसांचा दोष असेल तर बीपी २० ने उतरूनही ती १० नेसुद्धा वाढत नाही. प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिननेही बीपी उतरतं, तेही विचारा.

पंचवटीकर:
आभार. निफाड-दिंडोरीकडच्या सभासदांना द्राक्षबागेतल्या फवारणीबद्दल विचारावं का? आणि एमआरआय?

गोदाकाठ:
फवारणीचं जरूर विचारा. कीटकनाशकांशी वर्षानुवर्षं संपर्क हा धोक्याचा घटक आहे, लक्षण नव्हे. साधा एमआरआय या टप्प्यावर बहुतेकदा नॉर्मलच येतो, त्यावर पैसे घालवू नका. झोप, वास, बद्धकोष्ठता यांतली दोन जुळली तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा. ‘फ्रोझन शोल्डर’ (आखडलेला खांदा) म्हणून शेक घेणाऱ्यांना जरा चालायला लावा. दुखऱ्या बाजूचा हात झुलत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.