पाळीच्या कळा: गोळी आधी घ्यायची की अगदीच असह्य झाल्यावर?

रातराणी: पहिल्या दिवशी ओटीपोटात अशा कळा येतात की ताठ उभं राहवत नाही, कंबर मांड्या सगळं भरून येतं. घरी म्हणतात गोळीची सवय लागेल म्हणून मी शेवटपर्यंत दम धरते, पण मग घेतली तरी दुखणं जातच नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीची अजून एक घेतली तर चालते का?

फार्मसीवाली: नको गं. कंपनी सोड, पाकिटावर आतलं औषध कुठलं ते वाच, नाव वेगळं असलं तरी आत तेच आयबुप्रोफेन असू शकतं. नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड हीपण त्याच गटातली, यातलं एका वेळी एकच. आणि दम धरतेस तिथेच गडबड होते बघ, पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, त्याने स्नायू आवळतो, मळमळ जुलाबही त्यानेच, आणि ही गोळी ते नवीन तयार होऊ देत नाही, आधीच झालेल्याचं काही करू शकत नाही. म्हणून कळ सुरू झाली की लगेच घ्यायची, काहीतरी खाऊन. मोठ्यांना आयबुप्रोफेन 200 ते 400 मिग्रॅ, पुढची 6 तासांनी, डॉक्टरांना न विचारता दिवसात 1200 च्या वर नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस घेऊन कसली सवय लागतेय!

खिडकीतली_मनी: पण सगळ्यांना चालत नाही हां. मला दमा आहे, ॲस्पिरिनने धाप लागते, म्हणून डॉक्टरांनी हा अख्खा गटच बंद केलाय. अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेल्याची शंका असेल तरी आधी विचारायचं. मी पॅरासिटामॉल घेते, 500 मिग्रॅच्या एक किंवा दोन, 24 तासांत 8 च्या वर नाही, आणि सर्दीच्या गोळ्यांमध्येपण बऱ्याचदा तेच असतं, तेही धरायचं. सोबत गरम पाण्याची पिशवी, तिने खरंच फरक पडतो.

रातराणी: पाकिटं बघितली, दोन्हीत आयबुप्रोफेनच 🙄 अजून एक, हल्ली पाळी संपली तरी दुखत राहतं, आधी असं नव्हतं.

फार्मसीवाली: मग गोळ्यांवर काढू नकोस, गायनॅकला दाखव. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असं काही आहे का ते बघतील. ताप आला किंवा तासाला पॅड बदलावा लागला तर थांबूच नको. जाताना कुठल्या तारखेला किती दुखलं, कुठली गोळी घेतली ते मोबाईलमध्ये लिहून ने, तिथे गेल्यावर काही आठवत नाही.