पोटगी वसुलीला सरकारी एजन्सी हवी का? आणि कन्सल्टंट कशाला?

सिडकोकर (नाशिक)
माझ्या बहिणीला कोर्टाने पोराची पोटगी मंजूर केली, पण पुढचं सगळं तिच्याच गळ्यात. हप्ता थकला की अर्ज तिने करायचा, वॉरंटच्या मागे तिने लागायचं, नवरा आता कुठल्या कंपनीत लागलाय ते पण तिनेच शोधून काढायचं. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून राज्याराज्यात यासाठी सरकारी एजन्सी आहे, पैसे थेट पगारातून कापतात आणि १९९६ च्या कायद्याने तर मालकाने नवीन माणूस कामावर घेतला की सरकारला कळवावंच लागतं, म्हणजे नोकरी बदलून पळता येत नाही. या एजन्सींना मदत करणारे कन्सल्टंट तिथे असतात, यातच मुरलेले. महाराष्ट्राने असा विभाग काढावा आणि पहिल्या दिवसापासून असा माणूस सोबत घ्यावा.

पिंपळगावचा शेतकरी
पूर्ण विरोध. पगारातून कापणार म्हणता, पण आमच्याकडे पगार आहे कुणाला? द्राक्षाचे पैसे सीझनला येतात, तेही व्यापाऱ्याने बुडवले नाहीत तर, कांद्याचा भाव आज एक उद्या एक, मजुरी रोखीत. बाहेरचा साहेब कागदावर चार्ट काढून फी घेऊन जाणार. ब्रिटनने १९९३ ला एजन्सी काढली, २००३ ला नवीन कॉम्प्युटर सिस्टीम आणली तरी घोळ संपेना, शेवटी २०१२ ला दुसरीच यंत्रणा उभी करावी लागली. तिथे काय सल्लागार नव्हते?

कोर्टातली ताई
मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते. कायदा कमी नाहीये हो. पोटगीचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ कलम होतं, ते आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं, थकबाकीसाठी वॉरंट आहे, कैद आहे, फक्त अर्ज वर्षाच्या आत करावा लागतो आणि कित्येक बायकांना हे कुणी सांगतच नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कलम २०(६) खाली नवरा जिथे नोकरीला आहे त्या कंपनीला थेट बाईकडे पैसे भरायला सांगता येतं. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा निकालात सुप्रीम कोर्टाने दोघांकडून उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र घ्यायला सांगितलं. आदेश भरपूर आहेत, पाठपुरावा करायला माणूस नाही. म्हणून कन्सल्टंटवर पैसे घालण्यापेक्षा कोर्टात बेलिफ (नोटीस, वॉरंट बजावणारे) आणि क्लार्क भरा.

सिडकोकर
ताई, क्लार्क भरा की, पण त्यांनी सकाळी येऊन करायचं काय ते कोण ठरवणार? अंबड, सातपूरच्या कंपन्यांत पीएफ कापला जातो, म्हणजे माणूस कुठे कामाला लागला हे सरकारी रेकॉर्डवर असतंच, फक्त ते पोटगीच्या फाईलपर्यंत पोचत नाही. हे जोडायचं कसं, खाजगी माहिती सांभाळायची कशी, हे आधी केलेला माणूसच सांगेल. आणि दादा, तुमचा कमाईचा मुद्दा अमेरिकेतही आलाच होता. ऐपतीपेक्षा जास्त रक्कम लावली की थकबाकीच वाढते, म्हणून तिथल्या २०१६ च्या नियमात बापाची खरी कमाई बघूनच आकडा लावा असं आलं.

पिंपळगावचा शेतकरी
खरी कमाई बघणार असाल तर सीझनप्रमाणे हप्ता ठेवा, माल गेल्यावर मोठा, पावसाळ्यात छोटा. एवढं लिहून देणारा कन्सल्टंट असेल तर चालेल मला. पण तो आधी बाजार समितीत येऊन बसला पाहिजे, मुंबईतनं नाही.

कोर्टातली ताई
सीझनचा हप्ता चांगला आहे, पण पोराची शाळेची फी जूनमध्येच येते, तेव्हा आईने काय करायचं? तेवढा मधला काळ सरकारने आगाऊ पैसे द्यावेत आणि नंतर बापाकडनं वसूल करावेत. याशिवाय माझा पाठिंबा नाही.