मंगलोरी कौलांमागची माणसं

'कारखानदाराची सामाजिक मूल्यं म्हणजे नुसती जाहिरात', असं टाइल कंपन्यांवरच्या चर्चेत एकाने म्हटलंय. हल्लीच्या टाइल कंपन्यांबद्दल वाद घालत नाही, पण मंगळूरचा कौलांचा कारखाना त्यात धरू नका. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने तो १८६५ मध्ये काढला. ख्रिस्ती झालेल्यांना जात वाळीत टाकायची, पोटापाण्याचा धंदा सुटायचा. त्यांच्या हाताला काम हवं होतं. नेत्रावती-गुरुपुर नद्यांकाठची चिकणमाती हाताशी होतीच. धर्म आणि रोजगार असे एकमेकांत गुंतलेले मला पटत नाहीत, पण टाकलेल्या माणसांना तिथे कसब मिळालं, हे नाकारता येत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, तरी कौलाला नाव मंगळूरचंच राहिलं.

गिरगावातल्या आमच्या चाळीचं छप्पर उतरवलं तेव्हा काही कौलं उलटी करून पाहिली. रिपेवर (छपराच्या लाकडी पट्टीवर) अडकणारा उंचवटा आणि त्याच्याजवळ उठावाची अक्षरं: कारखान्याचं नाव आणि १८६५. इतके पावसाळे खाऊनही अक्षरं बोटाला स्पष्ट लागतात. कुणाची चाळ पुनर्विकासाला जात असेल तर कौलं डेब्रिजच्या ट्रकमध्ये जाण्याआधी उलटून बघा आणि फोटो इथे टाका.