मदत हवी आहे: सीआरसीची पहिलीच नोकरी, पेशंट उपाशी आणि कन्सेंट अडकलेली

नमस्कार मंडळी,

एमएस्सी बायोटेक करून पुण्यात एका एसएमओतर्फे (हॉस्पिटलांना ट्रायलसाठी माणसं पुरवणारी कंपनी) सीआरसी म्हणून, म्हणजे ट्रायलचं रोजचं काम बघणारी कोऑर्डिनेटर म्हणून लागलेय. पोस्टिंग खाजगी हॉस्पिटलात, मधुमेहाच्या गोळीची फेज ३ ट्रायल. काम मनापासून आवडतंय. लॅब किट, ईडीसीतल्या (ट्रायलचा डेटा भरायची कॉम्प्युटर सिस्टिम) क्वेरीज, औषधांचा टेंपरेचर लॉग वगैरे हळूहळू अंगवळणी पडतंय, अडलंय ते कन्सेंटपाशी, म्हणजे ट्रायल समजावून सांगून पेशंटची लेखी संमती घेण्यापाशी.

होतं काय, स्क्रीनिंगला फास्टिंग ब्लड लागतं म्हणून पेशंटला उपाशीपोटी बोलावतात. लोक दौंड, यवतकडून पहाटेच्या गाडीने येतात, आठला दारात हजर. पीआय सर (ट्रायलचे मुख्य डॉक्टर) राउंड संपवून थेट ओपीडीत बसतात, बाहेर ही गर्दी, कन्सेंटसाठी मोकळे होईपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात आणि तोवर शुगरचा पेशंट पोटात काही नसताना बाकड्यावर बसून. परवा एका आजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, सिस्टरनी ताबडतोब शुगर बघून साखरपाणी दिलं म्हणून निभावलं.

मग सीनियर म्हणतात, "ब्लड काढून घे गं, सर मोकळे झाले की सह्या होतील, पेशंट तयारच आहे ना." मी नाही म्हणते, पण दरवेळी नाही म्हणून मीच वाईट ठरते. आधी सही मग प्रोसिजर, हे मला मनापासून पटतं. शिवाय ट्यूबवर ८:२० आणि फॉर्मवर १०:५० दिसलं तर मॉनिटर (स्पॉन्सर कंपनीतर्फे रेकॉर्ड तपासणारा) पकडणारच, आणि वेळ मागची टाकायला मी तयार नाही.

दुसरं म्हणजे वाचता न येणारा पेशंट असला की साक्षीदार लागतो, तर इथे शेवटी अंगठा घेताना कुणालातरी सहीपुरतं बोलावतात. हे चालतं का? सर माणूस म्हणून फार चांगले आहेत, पेशंटशी आपुलकीने बोलतात, फक्त वेळ नाही. मी एवढी नवीन, त्यांच्याकडे विषय कसा काढू? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, नाही म्हणताय ते शंभर टक्के बरोबर, त्यावर ठाम राहा. पण सर लवकर आले तरी हे सुटणार नाही. "उद्या उपाशी या" हे आपण ट्रायलसाठीच सांगतो ना? म्हणजे पेशंटने सही करण्याआधीच ट्रायलचं काम सुरू झालं. म्हणून कन्सेंट आणि ब्लड वेगवेगळ्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी पेशंट जेवूनखाऊन येऊ दे, दुपारी ओपीडी संपल्यावर सरांकडून ठरलेली अर्धा तासाची वेळ मागा. माहितीपत्रक त्याआधीच घरी देऊन ठेवा, घरच्यांशी बोलून येतात, प्रश्न घेऊन येतात. सही झाली की मग फास्टिंगची तारीख द्या. आमच्या साइटवर असंच करतो.

साक्षीदार ट्रायलच्या टीमबाहेरचा पाहिजे आणि सगळं समजावून सांगताना पहिल्यापासून हजर पाहिजे, नुसत्या सहीपुरता आलेला चालत नाही. अपॉइंटमेंट देतानाच फोनवर विचारा, वाचता येतं का, सोबत कोण येणार. औषध नवीन मॉलिक्यूल असेल आणि पेशंट व्हल्नरेबल (सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या) गटातला असेल तर भारताच्या २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंगही लागतं, प्रोटोकॉल (ट्रायलचा लेखी आराखडा) बघून घ्या. आणि सोर्समध्ये (पेशंटच्या मूळ नोंदीत) कन्सेंट नोट नीट लिहा: किती वाजता सुरू, किती वाजता संपली, पेशंटने काय विचारलं, कॉपी हातात दिली का.

सरांशी बोलताना नियमापासून सुरुवात करू नका, त्या आजींचं सांगा. चांगला डॉक्टर आहे, पेशंटची शुगर उतरली म्हटल्यावर ऐकणारच. सोबत को-इन्व्हेस्टिगेटर डॉक्टर असतील तर सरांनी डेलिगेशन लॉगवर त्यांना कन्सेंटचं काम दिलंय का तेही पाहा.

धागाकर्ती

खूप खूप आभार! उपाशी बोलावण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. को-आय मॅडम आहेत, लॉगवर नाव आहे, दुपारी असतातही. फक्त एक, दोन खेपा म्हणजे पेशंटचा प्रवासखर्च दुप्पट, आणि मंजूर बजेटमध्ये स्क्रीनिंगला एकाच व्हिजिटचे पैसे आहेत.

प्रतिसाद १

ते पेशंटच्या खिशातून जाता कामा नये. स्पॉन्सरला (ट्रायल करवणाऱ्या कंपनीला) आजच मेल टाका, पीआय सीसीत. रक्कम वाढली तर एथिक्स कमिटीकडेही जावं लागेल, म्हणून उशीर करू नका.