मदत हवी आहे: रॅम १६ जीबी, विंडोज म्हणतंय वापरायला १३.९

अल्बमकर
नमस्कार मंडळी. नाशिकरोडला माझं लग्नाच्या अल्बम डिझायनिंगचं काम आहे. १२ बाय ३६ ची करिझ्मा शीट, एकेका शीटवर ढीगभर फोटो, त्यामुळे फोटोशॉपला मेमरी कधी पुरतच नाही. तुळशीच्या लग्नानंतर कामाचा रेटा सुरू होतो, म्हणून आधीच ८ जीबीची आणखी एक रॅम टाकून घेतली. मशीन असेंबल्ड आहे: रायझन ५ ३४००जी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १० प्रो, ६४ बिट.

आता सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल्ड रॅम १६.० जीबी' दिसतं आणि पुढे कंसात '१३.९ जीबी युजेबल'. वरचे दोन जीबी कुठे गेले? दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "साहेब, तेवढं जातंच." पैसे १६ चे घेतले की हो त्याने! रॅम डुप्लिकेट किंवा खराब असेल का? परत करायची मुदत आहे तोवर कळलं तर बरं. आगाऊ धन्यवाद.

खटपट्या
हार्ड डिस्कचंच गणित हे. ५०० ची आणली की ४६५ दिसते. टेन्शन घेऊ नका.

सातपूरकर
खटपट्या, ते गणित इथे बसत नाही. डिस्कवाले १००० ने मोजतात आणि विंडोज १०२४ ने, म्हणून ५०० चे ४६५ होतात. रॅम मुळातच १०२४ च्या हिशेबाने विकतात. शिवाय यांना १६.० पूर्ण दिसतंय. मोजण्यात तूट नाही, वापरायला देण्यात आहे.

झटपट
रनमध्ये एमएसकॉन्फिग टाइप करा, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक करून १६३८४ टाका. रिस्टार्ट. काम तमाम.

गोदाकाठ
झटपट, हा उपाय प्रत्येक धाग्यावर कोणीतरी चिकटवतोच. तो चौकोन मेमरी वाढवत नाही, तिच्यावर मर्यादा घालतो. अल्बमकर, तिथे टिक असेल तर काढा, नसेल तर हात लावू नका.

त्याआधी दोन गोष्टी बघून सांगा. एक, जुनी ८ ची रॅम एकटी होती तेव्हा युजेबल किती दिसायचं? दोन, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे खाली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' समोर किती आहे? पूर्वीही दोनच जीबी कमी दिसत असतील तर नव्या रॅमकडे बोट दाखवता येणार नाही.

अल्बमकर
मशीन नवीन असताना भाच्याला व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो पाठवला होता, तो सापडला. ८.०० आणि कंसात ५.९! म्हणजे तेव्हाही दोन कमीच. हार्डवेअर रिझर्व्ह्ड २.१ जीबी. 'स्लॉट्स यूज्ड' २ ऑफ ४.

गोदाकाठ
मग रॅम परत करायला जाऊ नका, ही तूट तिच्यामुळे नाही. मशीनने ती ओळखलीच नसती किंवा ती स्लॉटमध्ये नीट बसली नसती, तर १६ च दिसले नसते, नाहीतर एका अख्ख्या रॅमएवढे, म्हणजे ८ जीबी कमी पडले असते. तुमची तूट दोन्ही वेळा सारखीच आहे. याचा अर्थ कोणीतरी ठरावीक हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवतंय.

तो कोणी म्हणजे तुमच्या प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स. ३४००जी मध्ये वेगा ग्राफिक्स आहे आणि त्याला स्वतःची मेमरी नाही. मग बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम, मशीन सुरू होतानाच मुख्य रॅममधून त्याला वाटा देतं, तुमच्याकडे २ जीबी. वरचे ०.१ बायोस आणि बाकी हार्डवेअरचे. सिंहस्थात तपोवनातली जागा साधुग्रामासाठी आधीच राखतात, तसं. विंडोज येतं तेव्हा ती जागा त्याच्या हिशेबातच नसते. वेगळं कार्ड असतं तर त्याची मेमरी त्याच्यावरच असते, म्हणून तिथे ही तूट जवळपास दिसत नाही.

दुकानदार खोटं बोलला नाही, पण दोन वाक्यं जास्त बोलला असता तर तुमची झोप वाचली असती.

हा वाटा बदलता येतो. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि 'यूएमए फ्रेम बफर साइज' शोधा. बोर्डाप्रमाणे जागा बदलते. काही बोर्डांवर आधी इंटिग्रेटेड ग्राफिक्स 'ऑटो'वरून 'फोर्स'वर आणावं लागतं, मगच आकडे उघडतात. ५१२ एमबी ठेवलंत तर १५.४ च्या आसपास दिसेल. पण तुमच्या धंद्यात मी तेवढं खाली जाणार नाही. फोटोशॉप ग्राफिक्सही वापरतं, आणि त्याला ग्राफिक्स मेमरी कमी वाटली तर काही सोयी बंद करून बसतं. १ जीबी ठेवून बघा.

टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणून निम्मी रॅम दिसेल. ती राखीव नाही, गरजेपुरती घेण्याची फक्त कमाल मर्यादा आहे. तिच्यासाठी नवा धागा नको!

सातपूरकर
एक भर. चार स्लॉट आहेत तर दोन्ही रॅम शेजारीशेजारी लावल्यात का बघा. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. मग मेमरी ड्युअल चॅनेलला, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी चालते, आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा भरपूर फायदा होतो. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये कळेल.

अल्बमकर
१ जीबी केलं, आता १४.९ दिसतंय. फोटोशॉपने काही कुरकूर केली नाही. आणि सातपूरकर दादा, रॅम खरंच शेजारीशेजारी होत्या! बदलल्या, ड्युअल दाखवतंय. दोघांचे मनापासून आभार.

पंचवटीकर
याच धाग्यात विचारतो. आमच्या झेरॉक्सच्या दुकानात जुनं विंडोज ७, ३२ बिट. रॅम ४ जीबी, युजेबल ३.२४. तिथेही ग्राफिक्सच का? आणखी ४ टाकू का?

गोदाकाठ
नका टाकू, पैसे वाया जातील. तुमची गोष्ट वेगळी आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो, आणि ३२ बिटमध्ये एकूण पत्तेच ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४ जीबीपुरते. त्यातलेच पत्ते ग्राफिक्स, नेटवर्क वगैरे हार्डवेअरला द्यावे लागतात, तेवढ्या रॅमपर्यंत विंडोज पोचतच नाही. ६४ बिट विंडोज घातलं तर बहुतेक मशीनवर ही तूट भरून निघते, फार जुन्या बोर्डांवर मात्र नाही. तसंही विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, त्यामुळे बदलायचंच आहे. फक्त आधी तुमच्या प्रिंटर आणि स्कॅनरचे ६४ बिट ड्रायव्हर मिळतात का ते बघा, ३२ बिटचे तिथे चालत नाहीत.

पंचवटीकर
स्कॅनर फार जुना आहे हो. मॉडेल नंबर बघून उद्या टाकतो.