शब्दचर्चा: 'कमिशन' म्हणजे आयोग की समिती?

सनीवेल, कॅलिफोर्निया

नमस्कार मंडळी. एका वाक्यावर चार दिवस अडून बसले आहे.

आमच्या शहरात उद्याने, सायकल-पादचारी, घरे, वारसा जतन अशा विषयांची वेगवेगळी कमिशन आहेत. साधे रहिवासी अर्ज करतात, सिटी कौन्सिल, म्हणजे शहराची निवडून आलेली सभा, त्यांची नेमणूक करते. पगार नाही. संध्याकाळी बैठका होतात, त्या सगळ्यांना खुल्या असतात. या भागात मराठी घरे भरपूर आहेत, पण या खुर्च्यांवर मराठी माणूस मला क्वचितच दिसतो. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटायला एक पान लिहिते आहे. पहिलेच वाक्य असे झाले:

'नागरी सल्लागार आयोग नगर परिषदेच्या प्राधान्यांना पाठिंबा देतात.'

सासूबाईंना वाचायला दिले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "पाठिंबा देतात म्हणजे? निवडणूक आहे का कसली?" व्याकरण चुकलेले नाही, पण त्यांना कळले ते भलतेच. आयोग, नगर परिषद, प्राधान्ये, पाठिंबा, चारही शब्दांबद्दल तुमचे मत हवे आहे.

नागपूर

आयोगच ठेवा. कमिशनला आयोग हा प्रतिशब्द केव्हाच रुळला आहे. एकाच इंग्रजी शब्दाला जागोजागी वेगळे मराठी शब्द वापरले की वाचक गोंधळतो.

पुणे

नागपूरकरांचे म्हणणे कोशापुरते बरोबर आहे. पण मी बत्तीस वर्षे एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात काढली, विषयपत्रिका आणि इतिवृत्ते लिहिण्यात. त्या अनुभवावरून सांगतो, इथे आयोग नको.

आयोग म्हटले की आपल्याला काय आठवते? निवडणूक आयोग, लोकसेवा आयोग, वेतन आयोग. 1952च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाला साक्षीदारावर समन्स काढता येते. आयोग मुदतीचा असो की कायमचा, त्याच्या पाठीशी सरकार उभे असते. त्यातून तुमच्याकडच्या प्लॅनिंग कमिशनला 'नियोजन आयोग' म्हणालात, तर माझ्या पिढीला थेट दिल्लीतला 1950 ते 2014 चाललेला आयोग आठवेल. महिन्यातून एखादी संध्याकाळ देऊन उद्यानातल्या बाकांबद्दल बोलणारी शेजारपाजारची माणसे त्या शब्दात मावत नाहीत. आणि ज्यांनी अर्ज करावा असे तुम्हाला वाटते, ती तर तो शब्द वाचूनच बिचकतील. माझ्या दृष्टीने हे सगळ्यात मोठे नुकसान.

'कमिशनर' तर त्याहून अवघड. आपल्याकडे कमिशनर म्हणजे महापालिका आयुक्त, सरकारने पाठवलेला अधिकारी. प्रशासनाची सगळी सूत्रे त्याच्याच हाती. माझा भाचा तिकडे एका शहरात ग्रंथालयाच्या कमिशनवर गेला. त्याच्या आईने गावी सांगितले की मुलगा कमिशनर झाला, तर दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ अभिनंदन करायला आले आणि जाताना मुलाच्या नोकरीचे कागद ठेवून गेले. बिचाऱ्यांनी फार आशेने ठेवले होते. नुसते 'समिती सदस्य' म्हणा.

नगर परिषद हाही इथे चुकीचा शब्द. महाराष्ट्रात तो एका प्रकारच्या संस्थेचा कायदेशीर दर्जा आहे, 1965च्या अधिनियमानुसार. कराडला नगर परिषद आहे, पुण्याला महानगरपालिका. वाचकाच्या मनात घरपट्टीच्या खिडकीसकट अख्खे कार्यालय उभे राहते. तुम्हाला फक्त निवडून आलेली माणसे म्हणायची आहेत. त्यांच्या बैठकीला पुण्यात मुख्य सभा म्हणतात, ठाण्यात महासभा, आणि कार्यालयातला शिपाईसुद्धा म्हणतो 'जीबी', म्हणजे जनरल बॉडी. यातला कोणताही शब्द सनीवेलला नेता येणार नाही. तुमचे वाचक रोज 'सिटी कौन्सिल' म्हणत असतील, तर देवनागरीत तेच लिहा.

आणि 'नागरी' काढा. नागरी सुविधा, नागरी सहकारी बँक, नागरी संरक्षण यांत तो शहराशी किंवा मुलकी कारभाराशी जोडलेला आहे. 'नागरी समिती' म्हणजे नागरिकांची समिती असे कोणाच्या लक्षात येणार नाही.

एक मात्र मान्य करतो. 'समिती' शब्दालाही आपल्याकडे एक वळण आहे. स्थायी समिती, विषय समित्या या नगरसेवकांच्या. बाहेरच्या माणसाला खुर्ची मिळते ती फार थोड्या ठिकाणी, जसे 1975च्या कायद्याने आलेले वृक्ष प्राधिकरण. पुण्यात 2006पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवायला सुरुवात झाली, त्याचा मला फार आनंद झाला होता. पण तिथे नागरिक फॉर्म भरतो आणि घरी जातो. कोणते काम आधी घ्यायचे हे ठरते तेव्हा तो तिथे नसतो. तुमच्याकडे तो त्या टेबलाशी बसतो. हा फरक तुमच्या पानावर यायलाच हवा.

कॅलिफोर्निया, दुसरे एक घर

काकांनी शेवटी जे सांगितले त्यावरच लिहितो. मी एका शहरात सायकल-पादचारी कमिशनवर चार वर्षे होतो.

'पाठिंबा' वाचून मीही दचकलो. आम्ही कौन्सिलला पाठिंबा देत नाही. तो मोर्चाला देतात, उमेदवाराला देतात. एक प्रसंग सांगतो.

बैठकीच्या सुरुवातीला कोणीही येऊन तीन मिनिटे बोलू शकतो. समोर दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. एक बाई आल्या, कडेवर झोपलेले मूल. शाळेजवळच्या चौकात बाबागाडी दुभाजकापर्यंत पोचते न पोचते तोच सिग्नल बदलतो, एवढेच त्यांना सांगायचे होते. हातातल्या कागदावर रोजच्या वेळा लिहिलेल्या होत्या. दिवा लाल होण्याआधीच त्यांचे बोलून झाले आणि त्या मागच्या रांगेत जाऊन बसल्या. विषय कार्यसूचीवर नव्हता, त्यामुळे त्या रात्री आम्हाला त्यावर चर्चा करता येईना. कॅलिफोर्नियात सार्वजनिक बैठका खुल्या ठेवणारा ब्राउन कायदा आहे, 1953चा. त्याने नियमित बैठकीची कार्यसूची 72 तास आधी लावावी लागते. एवढेच नाही, आम्ही सातजण होतो, त्यातल्या चौघांनी, म्हणजे बहुमताने, चहाला बसून त्या चौकाबद्दल बोलले तरी कायदा मोडतो. पुढच्या बैठकीला विषय घेतला, शाळेभोवतालच्या सगळ्या चौकांचा अभ्यास व्हावा असा ठराव केला आणि कौन्सिलकडे पाठवला.

सनीवेलमध्ये याला 'स्टडी इश्यू' म्हणतात. मी 'अभ्यासविषय' म्हणेन. वर्षभरात असे विषय कौन्सिल सदस्यांकडून, कर्मचाऱ्यांकडून आणि कमिशनांकडून येतात. प्रत्येक कमिशन आपल्या क्षेत्रातल्या विषयांचा क्रम लावते. मग हिवाळ्यात कौन्सिल एका कार्यशाळेत बसून आपला क्रम लावते. माणसे आणि पैसा किती आहे ते पाहून एक रेघ पडते. रेघेच्या वरचे विषय त्या वर्षी हाती घेतात. कमिशनने पहिला ठेवलेला विषय कौन्सिल खालीही ढकलू शकते. शेवटचा शब्द तिचाच, आणि तो तसाच असायला हवा, कारण मते मागून निवडून आलेली ती आहे. पण तो शब्द उच्चारण्याआधी त्या बाईंचा कागद तिच्या टेबलावर पोचलेला असतो.

म्हणून 'हातभार लावतात' म्हणा. किंवा सरळ 'मदत करतात'.

आणखी एक. 'नागरिक' हा शब्दही जपून वापरा. ग्रीन कार्डवाल्यांना वाटते, हे आपल्यासाठी नाही. कॅलिफोर्नियात 2019मध्ये झालेल्या कायद्याने नेमणुकीच्या पदांसाठी नागरिकत्वाची अट काढली. तरी शहरागणिक अटी वेगळ्या असू शकतात, तेव्हा अर्जावरची पात्रतेची ओळ वाचायला सांगा. पण पानावर शब्द 'रहिवासी' हवा.

नागपूर

आयोगाचा आग्रह सोडतो. पण प्लॅनिंग कमिशनचे काय? माझी मुलगी तिकडेच असते. ती सांगते की काही बांधकामांच्या अर्जांवर ते कमिशन स्वतः निर्णय देते, तो मान्य नसेल तर कौन्सिलकडे अपील करायचे. ही नुसती सल्लागार समिती कशी?

सनीवेल, कॅलिफोर्निया

दादा, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्याचे नाव 'प्लॅनिंग कमिशन' असेच ठेवते आणि खाली एका ओळीत त्याचे वेगळेपण सांगते.

'प्राधान्ये' मी स्वतःच खोडले. प्राधान्य द्यावे, मिळावे, इतपत ठीक. त्याचे अनेकवचन मोठ्याने वाचले की कानाला टोचते. 'अग्रक्रम' जवळचा वाटला, पण घरी आम्ही म्हणतो, आधी काय आणि मग काय. आता वाक्य असे आहे:

'कोणती कामे आधी हाती घ्यावीत हे ठरवायला रहिवाशांच्या सल्लागार समित्या सिटी कौन्सिलला मदत करतात. त्या लोकांचे म्हणणे ऐकतात, विषय सुचवतात, त्यांचा क्रम लावतात आणि शिफारशी करतात.'

सासूबाईंना परत दिले. त्यांनी 'शिफारशी' वर बोट ठेवले. "हा वशिल्याचा शब्द नाही ना?"

पुणे

त्यांचे कान तयार आहेत. नोकरीसाठी शिफारस म्हटली की वशिल्याचा वास येतो खरा. पण 'समितीची शिफारस' हा प्रयोग कार्यालयात इतका मुरलेला आहे की तिथे कोणी तसा अर्थ घेत नाही. एकवचन करा आणि कर्त्याजवळ ठेवा: 'आपली शिफारस कौन्सिलपुढे ठेवतात.'

सनीवेल, कॅलिफोर्निया

घेतले. शनिवारी छापायला देते आहे. कोणाला आणखी काही खटकले तर शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा.