विषय: शनिवारचा सिनेमा – पेनड्राइव्हवरचा लावणार नाही

प्रेषक: माधुरी, वास्को

नमस्कार मंडळी,
शनिवारचा कार्यक्रम सहालाच आहे, पण विश्रामने आणलेला सिनेमा मी लावू देणार नाही. काल घरी सुरुवातीचा भाग पाहिला. खाली बेटिंग अ‍ॅपची पट्टी सरकत असते, मध्येच कुणीतरी खुर्चीतून उठतो आणि त्याचं डोकं नायिकेच्या तोंडावरून जातं. हा सिनेमा पणजीत अजून थिएटरला चालू आहे! दुसरं काय दाखवायचं ते उद्यापर्यंत सुचवा. आणि प्रोजेक्टरची केबल चवथीच्या कार्यक्रमानंतर कुठे गेली?

---

प्रेषक: विश्राम, साखळी

माधुरीताई, बैठकीत सगळ्यांनी हो म्हटलं म्हणून मी पेनड्राइव्ह आणला. आपण तिकीट लावत नाही. ५० रुपये घेतो ते चहा-बटाटवड्याचे. हौशी संस्थेला फुकट प्रयोग करायची कायद्यात सूट आहे, नाट्यविभागाच्या एकांकिका त्याच सुटीवर होतात. मग सिनेमालाच अडचण का? साखळी-वाळपईच्या माणसाने पणजीला रात्रीच्या खेळाला जायचं तर परतायला कदंबाची बस मिळत नाही, याचाही विचार व्हावा.
केबल ग्रंथालयाच्या कपाटात आहे.

---

प्रेषक: प्रभाकर, मडगाव

विश्राम, नाट्यविभागाला ती सूट मीच काढून दिली होती, म्हणून सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. पैसे न घेता हौशी मंडळाने करायच्या प्रयोगाची सूट साहित्य, नाटक आणि संगीताला आहे, चित्रपटाला नाही. शिवाय २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. थिएटरात चोरून चित्रीकरण करणं आणि चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवणं, दोन्हीला ३ महिने ते ३ वर्षं कैद. दंड कमीत कमी ३ लाख, आणि तो निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ५० रुपये वड्याचे की सिनेमाचे, हा वाद मंडळाच्या अध्यक्षांनी पोलीस ठाण्यात बसून घालायचा का? आणि नफा नाही असं धरलं तरी मूळ कॉपीराइट कायदा उरतोच.

---

प्रेषक: सुनंदा, पणजी

ग्रंथालयाचं कपाट मला न विचारता कुणी उघडलं? चावी माझ्याकडे असते. पुढच्या वेळी आधी फोन करावा.

कायद्याचं प्रभाकररावांनी सांगितलं. माझा भाचा मुंबईत मराठी सिनेमांचं ध्वनिसंकलन करतो, त्याच्याकडून जे ऐकते ते लिहिते. छोट्या मराठी सिनेमाचं नशीब शुक्रवार ते रविवारात ठरतं. त्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारी खेळ कमी होतात, आणि तो खेळ मोठ्या हिंदी सिनेमाला जातो. शुक्रवारी रात्रीच टेलिग्रामवर प्रत आली, तर रविवारी सहकुटुंब जाणारा माणूस घरीच बसतो. थिएटरात चालला नाही म्हटल्यावर ओटीटीवाले भाव पाडून मागतात. मग निर्माता शेवटचा हप्ता थकवतो. थकतो कुणाचा? मेकअपवाला, लाइटवाला, संकलनात रात्र रात्र बसणारी पोरं यांचा. भाच्याचे एका सिनेमाचे पैसे अजून आलेले नाहीत. पेनड्राइव्ह हातोहात फिरतो तेव्हा या पोरांचा विचार कुणाच्याच मनात येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

---

प्रेषक: गुरुदास, म्हापसा

सुनंदाताई, २०१६ साली सैराटची चोरटी प्रत फिरत होती, तरी थिएटरं भरली. चांगला सिनेमा चालतोच.
माझं म्हणणं बसपुरतंही नाही. २००४ पासून इफ्फी पणजीत भरतो, जगभरचे सिनेमे आपण रांगा लावून बघतो. आणि मराठी सिनेमाला गोव्यात एखादा खेळ, तोही दुपारी कचेरीच्या वेळेत. आमच्याकडे लागला तर लागला. लोकांना बघायचं आहे म्हणूनच ते लिंक शोधतात. आधी खेळ द्या, मग चोरीबद्दल बोला.

---

प्रेषक: सुनंदा, पणजी

गुरुदासबाब, सैराट एकच झाला. ज्या सिनेमाचं नावही तुमच्या कानावर आलं नाही, त्याचं काय? आणि खेळ कोण देणार? थिएटरवाला तिकीटविक्रीचा आकडा बघतो. म्हापशातल्या दोनशे माणसांनी फोनवर सिनेमा पाहिला, तर त्याच्या हिशोबात म्हापशात मराठी प्रेक्षक शून्य. पुढचा सिनेमा तो कशाच्या जोरावर लावेल? आपण गोव्यातले मराठी प्रेक्षक आहोत हे दिसायची ती एकच जागा आहे.

---

प्रेषक: प्रभाकर, मडगाव

पर्याय म्हणून: चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे त्याचा २०१३ अखेर संपला. पटकथा आणि संगीताचे हक्क वेगळे असतात, ते बघून सांगतो. शनिवारपर्यंत होईलच असं नाही.

---

प्रेषक: विश्राम, साखळी

जुना कृष्णधवल सिनेमा लावला तर पोरं पहिल्या दहा मिनिटांत बाहेर मोबाइल घेऊन बसतील. ५० वड्यांची ऑर्डर मी दिली आहे, ती रद्द करणार नाही.

---

प्रेषक: माधुरी, वास्को

वडे राहू देत. शनिवारी नाट्यविभाग एकांकिका वाचेल, त्यांच्याशी बोलले. सिनेमाचं असं: पणजीच्या थिएटरच्या मॅनेजरना आज भेटून आले. मंडळाने ६० तिकिटांची हमी दिली तर रविवारी सकाळी ११ चा खेळ ते आपल्यासाठी ठेवतील. सकाळी बस मिळते, म्हणजे विश्रामची अडचणही राहत नाही. प्रत्येकाने आपापल्या तिकिटाचे पैसे द्यायचे, मंडळ एक रुपया घालणार नाही.

नावं गुरुवारी रात्रीपर्यंत मला कळवा, शुक्रवारी सकाळी त्यांना आकडा द्यायचा आहे. म्हापशाहून गुरुदासबाबांच्या गाडीत तिघांना जागा आहे का?

---

प्रेषक: गुरुदास, म्हापसा

चौघांना आहे. माझं आणि हिचं नाव लिहा. पण मॅनेजरना विचारा, पुढच्या महिन्यात म्हापशात एखादा संध्याकाळचा खेळ लावून घेता येईल का. ६० माणसं मी जमवतो.